फूल त्यांचं, लाकूड आमचं

हिरवं झाड तोडायला परवानगी मिळत नाही, वाळलेलं असतं तर अडचण नव्हती, हे वाक्य मी आमच्याच ओट्यावर ऐकलं. बोलणारा जंगलखात्याचा साहेब माझ्या हातचा चहा पीत होता. तेव्हा मला ते ऐकून बरंच वाटलं होतं, कारण झाड हिरवंगार होतं आणि आता त्याला कोणी हात लावणार नाही असं मी धरून चालले. आता आठवलं की वाटतं, त्या चहात साखर तरी कशाला घातली.

नीट सांगते. माझं तोंड फाटकं आहे असं सासरी पहिल्याच वर्षी ठरलं होतं, त्यामुळे मधे मधे जीभ सुटेल, तेवढं चालवून घ्या.

आमचं गाव शहाद्याकडच्या काळ्या जमिनीतलं. कापूस, ऊस, केळी. पण आमचं एक शेत गावापासून लांब, सातपुड्याच्या पायथ्याशी आहे. घरात सगळे त्याला नुसतं ‘डोंगराकडचं’ म्हणतात. त्याच्या बांधावर माझ्या सासऱ्यांनी साग लावला होता आणि शेताच्या मधोमध एक मोह होता. मोह कोणी लावला नव्हता. तो सासऱ्यांच्या आधीचा, त्यांच्या वडिलांच्याही आधीचा, आणि खरं सांगायचं तर ते शेत आमचं झालं त्याच्याही आधीचा.

म्हणूनच त्याचा एक रिवाज होता. जमीन आमची, लाकूड आमचं, पण फूल डोंगरातल्या एका पावरा आदिवासी घराचं. हे कुठे लिहिलेलं नव्हतं आणि त्यावरून कधी वादही झाला नव्हता. फाल्गुनात त्या घरची बाई यायची, झाडाखालची जमीन अंगणासारखी झाडून काढायची, म्हणजे पडलेलं फूल पाचोळ्यात हरवत नाही. मग मोह गळायला लागला की रोज पहाटे येऊन वेचायची. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ती सूपभर वाळलेला मोह आमच्या दारी आणायची आणि आमच्याकडून तिला पायलीभर दादर, म्हणजे आमच्याकडची रब्बीची ज्वारी, जायची. मी लग्न होऊन आले तेव्हा तिची सासू यायची. पुढे ती यायला लागली. साधारण माझ्याच वयाची. ती मला भाभी म्हणते, मी तिला बाई म्हणते. घरात मात्र तिचा उल्लेख ‘मोहवाली’ असाच होतो.

नवरा गेल्यावर तिच्याकडे उरलं ते डोंगरउतारावरचं थोडं रान आणि हा मोह. फुलं वाळवून ती मडक्यात भरून ठेवते. पावसाळ्यात घरातला दाणा संपतो तेव्हा तीच उकडून खातात, भाजून खातात. उरलेली बाजाराला नेते, त्यातून मीठ-मिरची आणि कपडा. फुलांनंतर टोळंबी, म्हणजे मोहाचं बी. त्याचं तेल निघतं, ते वर्षभर पुरतं. मोह म्हटलं की आमच्या नातेवाइकांना फक्त दारू आठवते आणि एकमेकांकडे बघून हसतात. त्यांना एकदा श्रावणात तिच्या घरी जेवायला बसवायला हवं.

माझे यजमान गेल्यापासून शेती दीर बघतो. माझ्यासमोर लहानाचा मोठा झाला, म्हणून अरेतुरे. शिकलेला आहे, कष्टाळू आहे, माणूस वाईट नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे मी त्याला बरंच बोलणार आहे.

डोंगराकडच्या शेतात बोअरला पाणी लागलं आणि तिथून बिनसलं. पाणी आलं म्हणजे केळी आली, केळी आली म्हणजे ठिबकच्या नळ्या आल्या, आणि केळीला सावली चालत नाही. बांधावरचा साग नको झाला आणि मधला मोह तर डोळ्यांत खुपायला लागला. ट्रॅक्टरला दर फेरीत त्याला वळसा घालावा लागे. दीर घरी येऊन सांगायचा, भाभी, एका झाडापायी केवढी जागा फुकट जाते बघ. मी म्हणायची, फुकट कुठे जाते, तिथे मोह आहे की. त्याला वाटायचं मी थट्टा करते आहे.

सागाचं आधी सांगते, कारण राग मला त्याचाही आहे. साग सासऱ्यांनी पोटच्या पोरासारखा वाढवला होता. पावसाळ्यात रोपं लावली, गुरांपासून राखली, उन्हाळ्यात खांद्यावरून पाणी वाहिलं. आणि गोठ्याचं आढं मोडलं तेव्हा स्वतःच्याच सागाचं एक खोड तोडायला त्यांना तालुक्याला खेटे घालावे लागले. सातबारा आणा, नकाशा आणा, मोजणी करून आणा, मग साहेब बघायला येणार, मग बुंध्यावर हातोड्याची खूण मारणार, मग तोडा, आणि तोडलं तरी वाहतुकीचा पास मिळेपर्यंत हलवू नका. गोठा तोवर एका बाजूने पडला. आपलंच झाड आणि आपणच चोरासारखं उभं राहायचं. सासरे त्यानंतर कोणालाही सांगायचे, बाबांनो, साग लावू नका, निलगिरी लावा, सुबाभूळ लावा, त्याला कोणी विचारत नाही. आणि लोकांनी तेच केलं. आज आमच्या शिवारात बांधावर नवा साग दिसत नाही. झाड वाचवायला काढलेल्या नियमाने झाड लावणाऱ्याचेच हात बांधले, रोग रेड्याला आणि औषध पखालीला. हे मी आमच्या गोठ्याकडे बघून म्हणते आहे, वर्तमानपत्र वाचून नाही.

तर दिराने साग आणि मोह दोन्हींसाठी अर्ज केला. विसरवाडीकडचा एक लाकडाचा व्यापारी आला होता, तो म्हणाला, नुसत्या सागाने माझी गाडी भरत नाही, एवढ्या लांबून यायचं भाडंही सुटायचं नाही, मोहही त्यात टाकलात तर जमेल. ही एक गोष्ट मला त्या दिवशी कळली. गाडीत जागा उरली म्हणूनही एखादं झाड मरू शकतं.

साहेब बघायला आला. तरुण होता, बोलायला मऊ, पायातले बूट ओट्याखाली काढून बसला. सागाला परवानगी देतो म्हणाला. मोहाला नाही. दिराने खूप घोळवलं. मी आतून ऐकत होते. साहेब म्हणाला, “भाऊसाहेब, एकाला दिली की सगळा पायथा मागायला येईल. म्हातारी मेल्याचं दुःख नाही, काळ सोकावतो. या पट्ट्यात पाच वर्षं हात सैल सोडला तर डोंगर बोडका दिसेल.” मला हे पटलं. अजूनही पटतं. आणि मग कप खाली ठेवताना त्याने ते वाक्य टाकलं. झाड हिरवं आहे, फुलतं आहे, कशी देणार परवानगी? वाळलेलं असतं तर काही अडचण नव्हती.

तो सहज बोलला. दीर सहज ऐकणारा नव्हता.

त्या दिवाळीनंतर साग गेला, व्यापाऱ्याने भाव पाडून नेला. बांध उघडा पडला, केळी लागली. मोह होता तिथेच होता. मी निर्धास्त होते.

फाल्गुनात मोहवाली घरी आली. इतकी खुशीत मी तिला फार कमी वेळा पाहिली आहे. पाणी प्यायच्या आधीच म्हणाली, “भाभी, यंदा मोह लई पडी. चाल, तू देखाले चाल.” मी गेले. होळी नुकतीच झाली होती. झाडाची सगळी पानं गळली होती आणि फांदीफांदीला कळ्यांचे घोस असे लगडले होते की तसे मी इतक्या वर्षांत बघितले नव्हते. ती बोरीच्या फांद्यांचा झाडू घेऊन झाडायला लागली. मी बांधावर बसून तिच्याशी गप्पा मारत होते, तिच्या नातीच्या लग्नाच्या.

झाडत झाडत ती बुंध्याशी गेली. तिथे मातीचा ढीग होता, त्यावर पाचोळा पसरलेला. उंदरांनी उकरलं असेल म्हणून तिने झाडूने माती बाजूला ओढली. माती सुकून टणक झाली होती, तिने ती हाताने काढली. आणि मग तिने मला हाताने जवळ बोलावलं.

मी जवळ गेले. बुंध्याभोवती, जमिनीला लागून, वीतभर रुंद साल काढलेली होती. सगळीकडून, कुठेही बोटभर न सोडता, आतल्या पांढऱ्या लाकडापर्यंत. वर ओली माती लिंपून टाकली होती. आमच्याकडे उभा साग वाळवायचा तर अशीच खाच पाडायचे जुने लोक. तुटायच्या आधी झाड जागेवर वाळतं, लाकूड तडकत नाही. ही रीत मोहावर केलेली मी पहिल्यांदाच बघितली. झाड एका दिवसात मरत नाही. पण मुळांकडे जाणारी वाट तुटते, आणि मरणारं झाड शेवटचं म्हणून भरभरून फुलतं. एवढं दोघींनाही कळत होतं.

तिने त्या खाचेवरून बोट फिरवलं. “कोनी करं?” म्हणाली. मग स्वतःच म्हणाली, “आमना मानूस हाई करत नही.” मला माहीत होतं कोणी केलं ते.

आणि मला राग कशाचा जास्त आला सांगू? मारल्याचा तर आलाच. पण लपवायला त्याने जागा कुठली निवडली? त्या झाडाच्या बुंध्याला दर वर्षी झाडू लागतो, हे त्याला माहीत नव्हतं. त्याच्याच शेतातलं झाड, त्याच्याच डोळ्यांदेखत इतकी वर्षं एक बाई तिथे वाकून झाडत होती, आणि त्याने कधी तिकडे बघितलंच नव्हतं. बघितलं असतं तर माती तिथे लिंपलीच नसती.

संध्याकाळी तो जेवायला बसला आणि मी भाकरी वाढायच्या आधी विचारलं, “हाई काय करं भाऊ तू?”

त्याने नाकारलं नाही. बाहेरगावच्या दोन माणसांकडून करून घेतलं म्हणाला, इथली माणसं तयार होईनात. “शेत आपलं शे. झाड आपलं शे.”

“आनि फूल?”

“फूल कोठे सातबारावर शे?”

मी म्हटलं, तुझ्या आईने आखाजीला तिच्या सासूच्या ओटीत दादर घातली, ती कुठल्या सातबारावर होती? तेव्हा तोही चिडला. आणि तो जे बोलला ते सगळं खोटं नव्हतं, म्हणून मला अजून टोचतं. म्हणाला, “रस्तावरल्या चिंचा गयात, तवय कोनी इचारं? मन्हाच एका झाडवर आख्खी पृथ्वी उभी शे का?”

रस्ता रुंद करताना शहाद्याकडे जाणाऱ्या वाटेवरच्या जुन्या चिंचा, निंब, वड एका आठवड्यात आडवे झाले होते. मशीन यायचं, झाड उपटायचं, मागे गाडी उभीच. तेव्हा ना कोणी चहा प्यायला आलं, ना काळ सोकावण्याची काळजी कोणाला पडली. बसमध्ये बसून आम्ही सगळ्यांनी ते बघितलं आणि रस्ता बरा झाला म्हटलं. हे खरंच आहे. सावली सगळ्यांनी खायची, हवा सगळ्यांनी घ्यायची, आणि झाड पोसायचं मात्र ज्याच्या शेतात ते उभं आहे त्याने एकट्याने. झाड राखल्याबद्दल त्याच्या हातावर कोणी काही ठेवत नाही. दिराचा हा राग मला समजतो. माझ्या सासऱ्यांनीही तो गिळला होता.

पण मी त्याला म्हटलं, तुझ्यावर अन्याय झाला असेल, तो तू ज्यांनी केला त्यांच्याशी जाऊन भांड. त्याची भरपाई डोंगरातल्या विधवेच्या ताटातून का करतोस? ती काय रस्ता रुंद करायला आली होती? तो उठून गेला. भाकरी तशीच राहिली. मी ती गाईला घातली, त्याच्यासाठी झाकून ठेवली नाही.

चैत्रात मोह पडला. असा पडला की पहाटे झाडाखाली पाय ठेवायला जागा नसायची. मोहवाली रोज आली. तिने एक दिवस चुकवला नाही आणि एक फूल सोडलं नाही. मी मधून मधून जायची, तिच्या शेजारी बसून वेचायची. बुंध्याकडे ती बघायची नाही. आखाजीला ती नेहमीसारखी आमच्या दारी आली आणि सूपभर मोह ठेवला. मी म्हटलं, बाई, यंदा कशाला आणलास? ती म्हणाली, “फूल तर पडनं ना, भाभी.” रिवाज फुलाचा होता आणि फूल पडलं होतं, म्हणून तिने तिच्या बाजूने पाळला. मी दादर घालताना दीर ओसरीत होता. तो फोनवर बोलत आत गेला.

पावसाळ्यात मोहाला पालवी आली ती बारीक, पिवळट. दिवाळीपर्यंत शेंडा वाळला. पुढच्या फाल्गुनात एक कळी आली नाही. मोहवालीही झाडायला आली नाही. झाडायला खाली काही नव्हतंच. त्या पावसाळ्यात ती आमच्या केळीत रोजाने तण निंदायला आली. कधी नाही ते.

मग दिराने पुन्हा अर्ज केला, वाळलेल्या झाडाचा. या वेळी साहेब लगेच आला, तोच. आम्ही सगळे शेतात उभे होतो. मोहवाली दोन ओळींपलीकडे खुरपं घेऊन वाकलेली. साहेबाने झाडाकडे बघून विचारलं, “अरे, हे कसं वाळलं?”

दीर म्हणाला, “वाळवी लागली, साहेब.”

मी म्हटलं, “वाळवी नाही, साहेब. आम्ही मारलं. बुंध्याशी पुन्हा माती ओढली आहे, ती उकरून बघा.”

दिराने माझ्याकडे असं बघितलं की घरात आता माझी काय किंमत राहणार ते मला तिथेच कळलं. राहू दे. साहेबाने उकिडवं बसून काठीने माती उकरली, खाच बघितली आणि वीत लावून मोजली. मला वाटलं, आता काहीतरी होईल. इतकी वर्षं नियम नियम ऐकत आले होते, एकदा तरी तो ज्याच्यासाठी केला त्याच्या कामाला येईल.

साहेब उठला. म्हणाला, दंड बसेल. आणि एका झाडाच्या बदल्यात दोन रोपं लावून जगवावी लागतील, मोहाचीच. झाड तर आता मेलेलंच आहे, उभं ठेवून उपयोग काय, उद्या कोणाच्या अंगावर पडलं तर? दंड भरा, रोपं लावा, तोडा.

“आणि फुलांचं काय?” मी विचारलं.

“फुलांचं म्हणजे?”

मी त्याला सांगितलं. रिवाज सांगितला, सूप सांगितलं, दादर सांगितली, श्रावणातलं मडकं सांगितलं. मोहवालीकडे बोट दाखवलं. त्याने सगळं ऐकून घेतलं, मधे तोडलं नाही, आणि मग खरंच वाईट वाटल्यासारखा म्हणाला, “ताई, आम्ही लाकूड मोजतो. फुलांची आमच्याकडे सोय नाही.”

दिराच्या तोंडावरचा ताण गेला. येताना गाडीत म्हणाला, दंड भरला की झालं. केळीच्या एका कापणीत निघतो तो. म्हणजे ज्याने मारलं त्याचं भागलं, व्यापाऱ्याची गाडी भरली, साहेबाचा नियम पाळला गेला. शोधूनही कुठे कोणाचं काही बिघडलेलं दिसत नव्हतं. हिशोब इतका चोख जमला की माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

पुढच्या वर्षी पाऊस लागल्यावर रोपं आली, काळ्या पिशवीतली, गुडघ्याएवढी. बांधाच्या कोपऱ्यात, केळीला अडचण होणार नाही अशा जागी दिराने दोन खड्डे घेतले. साहेब आला होता, लावल्याचा फोटो लागतो म्हणून. मी मोहवालीला मुद्दाम बोलावून घेतलं. म्हटलं, तिच्या हाताने लागू देत. तिने रोपं लावली. माती दाबली, भोवती दगड मांडले, आणि एका पानाला हात लावून साहेबाकडे वर बघितलं.

“हाई कव्हय फुली, साहेब?”

“नीट निगा राखली तर दहा-बारा वर्षांत फुलेल की,” साहेब म्हणाला.

तिने मान हलवली. तिचे केस पूर्ण पांढरे झालेत. हात मातीचे होते, ते तिने लुगड्याला पुसले आणि माझ्याकडे वळून अगदी साध्या आवाजात विचारलं, “तवलगून मी काय खाऊ, भाभी?”

मी दिराकडे बघितलं. तो ठिबकची नळी सरळ करत होता.

साहेब फोन डोळ्यांसमोर धरून म्हणाला, “बाई, जरा बाजूला व्हा. रोपं फोटोत येत नाहीत.”